कजागबाईचा आवाज

५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र तुला मिळेल तोवर फेरीची गाडी, म्हणजे आपली कजागबाई, तुझ्या गॅरेजच्या दारात येऊन पडलेली असेल. लाकडं वाहणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून तिला त्याच्या ट्रकवर चढवली. उतरवून घेताना डावा दरवाजा धरू नकोस, तो निखळून हातात येतो.

झालं असं, की परवा नेहमीसारखी वरच्या वस्त्यांच्या फेरीला निघाले होते. शेवटच्या उभ्या चढावर बाईंनी भसकन धूर सोडला, गरम पाण्याचा फवारा उडवला आणि रस्त्यात बसकण मारली. मी खाली उतरून तिला लाखोली वाहिली, पण ढिम्म हलली नाही. मग औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत वर गेले. एक मेंढी अडली होती, कोकरू पोटात आडवं. दोघंही वाचली बाबा. पण आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

आता खरी गोष्ट ऐक. आमचे मोठे साहेब केव्हाचे टपून बसलेत. त्यांचं म्हणणं, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी खाली दवाखान्यात बसावं आणि वरच्या लोकांनी आपली जनावरं खाली आणावीत. अडलेली मेंढी काय पिशवी घेऊन डोंगर उतरून येणार आहे? तसं विचारलं तर म्हणाले, गाडीच नाही तर फेरी कसली. एप्रिलात वरची कुरणं मोकळी झाली की ते स्वतः माझ्याबरोबर येऊन बघणार, आणि फेरी ठेवायची की कायमची बंद करायची ते ठरवणार. ती बंद झाली तर वरच्यांचं काय होईल हा विचार करून माझी झोप उडालीय.

तेव्हा इंजिन खोल, नीट कर, परत बसव. बस्स. डोकं चालवू नकोस. लहानपणी आईच्या शिलाई मशीनला सायकलची चेन लावली होतीस, ते मी विसरलेले नाही. आणि जुना एकही भाग भंगारात द्यायचा नाही, अगदी बोल्टसुद्धा. सगळं मला परत हवंय.

माझी तब्येत ठणठणीत. गुडघा मधूनमधून कुरकुरतो, नव्या बुटांमुळे असेल. वहिनीला सांग, तिने शिवून पाठवलेली उशी मांजराने बळकावली. लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कजागबाई सुखरूप पोचल्या. डावा दरवाजा माझ्याच हातात आला, कारण तुझं पत्र त्यानंतर आलं.

इंजिन खोललं आणि हात टेकले गं. वरचा भाग चिरलाय, आणि ही काही पहिली चीर नाही. कोणाकोणाच्या वेल्डिंगची ठिगळं एकावर एक बसलीत. पिस्टन इतके झिजलेत की हलवले तर खुळखुळतात. हे घेऊन तू इतकी वर्षं डोंगर चढत होतीस, म्हणजे कमालच आहे. आता त्या बिचाऱ्याला सुटू दे.

पण तोंड पाडू नकोस. माझ्याकडे एक गाडी आलीय, मागून ठोकलेली. मागचा भाग पार चपटा, पुढचं इंजिन मात्र टकाटक. डिझेलच आहे, ताकद चांगली दुप्पट. ते आणि त्याचा गिअरबॉक्स असे दोन्ही कजागबाईत बसवतो. चारही चाकांना जोर देणारा तिचा छोटा गिअरबॉक्स आहे ना, तो तसाच ठेवतो. त्याला मरण नाही. एकच गोष्ट राहिली सांगायची. नवा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, म्हणजे क्लच दाबायची भानगड नाही. त्या इंजिनाचा आणि त्या गिअरबॉक्सचा पहिल्यापासूनचा संसार आहे. तो मोडायचं पाप मला नको.

बाय द वे, क्लचच्या पेडलपाशी एक चामड्याचा पट्टा सापडला. घोड्याच्या सामानातला असावा. एका टोकाला पाऊल अडकेल एवढा फास, दुसरं टोक हातात धरून धरून गुळगुळीत झालेलं. तो कशासाठी आहे?

तुझ्या भावजयीने सीट उसवायला घेतलीय. आत उंदराचं बाळंतपण झालेलं दिसतंय, सगळी व्यवस्था उत्तम. लोभ असावा, आणि राग आला तर तोही पोस्टाने यावा.

तुझा खटपट्या


२३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, पण मोजकेच.

राग मागवलास ना, घे. ऑटोमॅटिक? मी काय पार लुळीपांगळी झाले की काय? क्लच नसलेली गाडी म्हणजे बाहुल्यांची गाडी. बाजारात भाजी आणायला ठीक आहे. माझ्या त्या उतारावरून खाली येताना गाडीला गिअरमध्ये धरून ठेवावं लागतं, एका बाजूला दरी असते. तुझं ते आपोआप चालणारं यंत्र मधेच आपलं डोकं लढवायला लागलं, तर मी कोणाच्या नावाने ओरडू?

पट्टा औषधांची पेटी अडकवायला आहे. उगाच नसत्या चौकशा करू नकोस.

जुनंच इंजिन दुरुस्त कर, नाहीतर दुसरं जुनं शोध. इकडे मी दवाखान्यात बसून माश्या मारतेय. साहेब रोज खिडकीतून डोकावून मला खुर्चीत बघतात आणि खूश होतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वरून एक जण रात्रभर चालत गाय घेऊन आला. गाय जगली, पण परत जायला तिच्यात त्राण नाही. दवाखान्यामागे बांधलीय आणि तो तिच्याशेजारी बसून आहे. मी कुठल्या तोंडाने त्याला धीर देऊ?

सौ. वहिनीला सांग, तिच्यावर माझा राग नाही. कळावे, आणि कळलं तर तसं वागावे.

ताई


६ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न.

तुमच्या भावाने उत्तर लिहायला घेतलेले कागद मी केराच्या डब्यात पाहिले, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. मी सीट शिवणारी बाई, मला गोड बोलून टाके लपवता येत नाहीत. स्पष्ट लिहिते, रागावू नका.

इंजिन बसलंय. ते सांगायची त्यांची छाती होत नाही. पहिल्यांदा बसवलं तेव्हा इंजिनाखालची तेलाची टाकी पुढच्या धुऱ्यावर आपटायला लागली. इंजिन वर उचललं तर बॉनेट लागेना. मग सगळं पुन्हा बाहेर काढलं, टाकी कापून चपटी केली, वेल्डिंग केलं, पाणी भरून गळते का पाहिलं. नव्या इंजिनाला म्हणे मेंदू असतो, एका डबीत. तुम्ही ओढ्यातून गाडी घालता म्हणून ती डबी माझ्या शिवलेल्या सीटखाली उंचावर बसवलीय. जेवताना ताटात वायरीचे तुकडे सापडतात. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ठेवतात, कारण तुमची आणि माझी उंची सारखी. बसून बसून माझी शिलाईची कामं तुंबली.

आता गुडघ्याचं. गेल्या खेपेला तुम्ही आमचा जिना आडवी पावलं टाकत उतरलात, कठड्याला धरून. आम्ही दोघंही बघत होतो. तो पट्टाही मी पायात अडकवून पाहिला. हाताने ओढला की पाय बरोबर क्लचवर जातो. पेटी अडकवायला तो फार खाली आहे, वन्सं.

ते इंजिनाच्या संसाराचं वगैरे सोडा. क्लचवाला गिअरबॉक्स त्यांना मिळत होता. त्यांनी मुद्दाम हा आणला. तुम्हाला फेरी हवीय की क्लच हवाय, एवढंच मला सांगा. क्लच म्हणालात तर ते मुकाट्याने सगळं पुन्हा बाहेर काढतील, आणि मी माझ्या माहेरी जाईन.

माया आहे ती तशीच राहू द्यावी, शिवण पक्की आहे.

तुमची भावजय


१४ मार्च

चि. खटपट्या आणि सौ. वहिनी,
दोघांनाही अनेक आशीर्वाद, या वेळी भरभरून.

वहिनी, तुझं पत्र वाचून आधी संतापले, मग मांजराला वाचून दाखवलं, आणि मग रडू आलं. हो, दुखतो गुडघा. बुटांमुळे नाही. माणसांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की जिने आणि क्लच सोडा. मी त्यांना म्हटलं, जिने सोडते. साहेबांच्या कानावर गेलं तर मला खुर्चीत बसवायला त्यांना आयतंच निमित्त मिळेल, म्हणून ओठ शिवून घेतले होते. आणि खटपट्या, मला तुझ्यापुढे लंगडायचं नव्हतं. तुला सायकल मी शिकवली रे.

फेरी हवीय मला. दुसरं काही नको. तेव्हा असू दे तुझं ते आपोआप. पण माझ्या अटी आहेत. उतारावर गाडी ब्रेक न दाबता हळू उतरली पाहिजे, हे तू स्वतः करून बघायचंस. गिअरच्या दांडीचा जुना लाकडी गोळा नव्या दांडीवर बसवायचास, माझ्या हाताला त्याची सवय आहे. आणि जुनं सामान परत द्यायचंस, विसरू नकोस.

पट्टा मात्र पेटीसाठीच होता. तेवढी माझी लाज राखा. लोभ इतका आहे की पाकिटात मावत नाही.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कजागबाई तयार! दगडाच्या खाणीजवळचा उतार तुला आठवतो, जिथे आपण लहानपणी पोत्यावर बसून घसरायचो? तिथे नेली. छोटा गिअरबॉक्स सगळ्यात हळू चालीवर टाकला, मोठा पहिल्यावर अडकवला आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसलो. गोगलगायीसारखी उतरली. तुझी भावजय शेजारी डोळे मिटून बसली होती. खाली आल्यावर मला दोन धपाटे मिळाले, म्हणजे ब्रेकची गरज उतरल्यावर पडली.

क्लचच्या भोकावर पत्रा मारलाय. तिथे डाव्या पायासाठी गादी केलीय, तुझ्या वहिनीच्या हातची. त्या पायाने आता आराम करायचा. लाकडी गोळा बसवलाय. डावा दरवाजाही निखळत नाही.

आणि आवाज! अगं, आवाजच नाही. सायलेन्सर फुटून फुटून चाळणी झाला होता, तो काढून नवा टाकला. चहाने भरलेला कप बॉनेटवर ठेवला, एक थेंब सांडला नाही. बाहेर उभं राहिलं तर गाडी चालू आहे की बंद, कळत नाही. मला तर या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे. ड्रायव्हरच्या दाराखाली धुराच्या नळीचा एक सांधा आहे, त्याला बोल्ट आहेत. खडखड आली तर पाना लावून घट्ट कर.

लाकडाचा ट्रकवाला भला माणूस आहे, तो स्वतः चालवत आणून देईल. जुनं सामान मागे पोत्यात भरलंय. साहेबांना माझा नमस्कार सांग आणि सीटचा पट्टा घट्ट बांधून बसायला सांग. कौतुक करायचं असेल तर लांबलचक करावे.

तुझा खटपट्या


१७ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कौतुक. गाडी म्हणजे लोणी आहे, लोणी! ज्या चढावर बसकण मारली होती, तो चढ तिने हसत खेळत पार केला. गुडघा गादीवर राजासारखा पसरलेला. शेजारी मोठे साहेब, मांडीवर फाईल. मी मनात म्हटलं, जिंकलो.

वर पोचलो, आणि वस्तीवर चिटपाखरू नाही! मेंढरं कोंडायचा वाडगा रिकामा, चुली थंड, मेंढ्या लांब कुरणावर पांगलेल्या, माणसं त्याहून लांब. नेहमी कोपऱ्यावर धावत येणारा वस्तीचा एककानी कुत्रा पायरीवर गाढ झोपलेला. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा दचकून उठला आणि माझ्यावर, माझ्यावर, भुंकायला लागला. एक म्हातारी बाहेर आली आणि मला बघून किंचाळलीच. तिला वाटलं मी हवेतून उतरले.

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं आणि फाईल उघडली. म्हणाले, बाई, इथे तर तुमची वाट बघणारं कोणीच नाही. मग फेरी कोणासाठी? 

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, मी वर कधी निरोप धाडलाच नाही! इतक्या वर्षांत धाडावा लागला नाही. कजागबाई खालच्या वळणावर आली की तिचा तो ढबढबाट सगळ्या डोंगराला ऐकू जायचा. ती वर चढेस्तोवर बाया मेंढ्या वाडग्यात घालायच्या, पाणी उकळायला ठेवायच्या, पुरुष आजारी जनावर वेगळं बांधायचे. मी पोचले की सगळं तयार. मला वाटायचं, लोक किती शिस्तीचे. आणि हॉर्न तर कधीचाच मेलाय, तो बघ असं तुला सांगायची बुद्धीसुद्धा झाली नाही. माझा शहाणा भाऊ चहाचा कप सांभाळत बसला आणि माझ्या फेरीचा आवाजच काढून घेतला!

साहेबांना म्हटलं, बसा गाडीत, खाली उतरू नका. तुझं पत्र आठवलं. पाना घेतला, गुडघ्याला शिव्या देत गाडीखाली सरकले आणि त्या सांध्याचे बोल्ट सैल करून नळी मोकळी सोडली. गाडी चालू केली मात्र, साहेबांच्या हातातली फाईल उडाली. तशीच गाडी वळवून खालच्या वळणापर्यंत उतरले, आणि पुन्हा बोंबलत वर. साहेब दोन्ही कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडत होते. मला ऐकू येत नव्हतं, हे एक बरं.

खटपट्या, दुसऱ्यांदा वर पोचलो तेव्हा वाडगा गच्च भरलेला. पाण्याला आधण आलेलं. लोक रांगेने उभे. कुत्रा तेवढा भुंकतच राहिला. हा आवाज मोठा होता पण आमच्या कजागबाईचा नव्हता, हे त्याला कळलं असावं. म्हातारीने विचारलं, इतके दिवस कुठे होता, आम्ही रोज कान लावून बसायचो. ते मात्र साहेबांनी ऐकलं. तोवर मी बाह्या वर करून एका अडलेल्या मेंढीची सुटका करायला घेतली होती. साहेबांनी कोट काढला आणि तिचं डोकं धरून बसले. परतताना फाईल मांडीवर घेऊन लिहीत बसले. काय लिहिलं देव जाणे. जीव टांगणीला लागलाय.

उत्तर लगेच धाडावे, आणि अक्कल चालवायला या वेळी परवानगी आहे.

तुझी ताई


२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तोंडात मारल्यासारखं झालं, मग तुझी भावजय इतकी हसली की मलाही हसावं लागलं. सगळं मोजलं गं मी, टाकी, धुरा, वायरी, तुझी उंची. तुझी वाट बघणारे कान मोजायचे राहिले.

कजागबाईचा आवाज इंजिनात नव्हताच. तो त्या फुटक्या सायलेन्सरमध्ये होता. मागच्या पोत्यात बघ, तुझ्या हट्टापायी सांभाळून ठेवलाय. सोबत धुराच्या नळीचा एक तुकडा पाठवतोय. त्याला फाटा काढलाय आणि आत झडप आहे. झडप बंद असली की धूर नव्या सायलेन्सरमधून, गुपचूप. तार ओढली की जुन्यातून. ट्रकवाल्याला बसवायचं सगळं समजावलंय. तारेचं टोक ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी येईल. ओढायला काहीतरी मजबूत लागेल. तुझ्याकडे एक चामड्याचा पट्टा आहे, बघ चालतोय का.

साहेबांचं काय झालं? इकडे गॅरेजात कोणाचंच कामात लक्ष नाही. तुझी भावजय लिहायला सांगते की फेरी बंद केली, तर त्यांच्या खुर्चीला ती आतून टाचण्या लावून शिवून देईल. लोभ वाढवावा, आवाजही.

तुझा खटपट्या


१२ मे

चि. खटपट्या आणि सौ. वहिनी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वहिनीने टाचण्या जपून ठेवाव्यात, लागणार नाहीत. साहेबांचा कागद आला. वरची फेरी चालू राहील, डिझेल दवाखाना देईल. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय की पुढच्या वेळी बरोबर येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कानात घालायला कापूस ठेवावा. मी तो कागद आधी मांजराला, मग गायवाल्याला वाचून दाखवला. त्याची गाय बरी झालीय, परवा तिला घेऊन चालत वर गेला.

काल मीही वर गेले. गावातून, दवाखान्यावरून, शाळेवरून आवाज न करता, एखाद्या मोठ्या बाईसारखी. खालच्या वळणावर आले आणि पट्टा ओढला. अरे, काय सांगू! तोच ढबढबाट, तीच मधली उचकी.  वर चुलींचा धूर दिसायला लागला, बाया मेंढ्या हाकायला लागल्या. आणि कोपऱ्यावर, त्याच्या नेहमीच्या दगडावर, एककानी उभा होता. शेपटी हलवत पुढे पुढे धावत मला वस्तीपर्यंत घेऊन गेला. म्हातारीने हात धरला आणि म्हणाली, झाली बाई एकदाची गाडी दुरुस्त, मागच्या वेळी अगदीच बिघडलेली होती.

खटपट्या, पट्टा पेटीसाठी नव्हता. तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तू एकदाच विचारून गप्प बसलास. उतरताना मी पट्टा सोडला, दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले. डावा गुडघा जरा कुरकुरला, मग मुडपला. गाडी गोगलगायीसारखी खाली येत होती.

लोभ पुरेसा आहे. वाढवलात तरी घेईन.

तुमची ताई